फाल्गुनातलं परडं : विहीर उतरतेय, कुणाला जगवू आणि कुणाला सोडू?

परड्यातली_नवखी | ८ मार्च, सकाळी ७.४०

हल्ली कोंबड्याच्या आधी तांबट सुरू होतो. टुक टुक टुक, न थांबता. तोवर गडग्यापलीकडच्या सुरंगीचा वास पडवीपर्यंत आलेला असतो. शेजारची आजी कळ्या उमलायच्या आत काढायला शिडी लावते, म्हणजे साडेपाच वाजले असं समजायचं. आंब्याला कणी धरलीय, काजूची बोंडं रंगायला लागलीत, पांगारा लाल झालाय. असं सगळं छान चाललेलं असताना मी रोज विहिरीत डोकावते आणि पोटात गोळा येतो.

थोडं मागचं सांगते. आम्ही कुडाळ तालुक्यातल्या घरी गणपतीला आलो ते परत गेलोच नाही. त्याआधी अकरा वर्षं घर फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडायचं. मागील दारी पंधरा गुंठ्यांचं परडं आहे. तीन बाजूंनी जांभ्याचा गडगा, चौथीकडे काट्यांची वय, म्हणजे कुंपण. सासूबाई एकोणऐंशीच्या, पण नजर कापणीच्या कोयत्यासारखी.

नोव्हेंबरात विहीर काठोकाठ होती. मला वाटलं हे असंच असतं. मग काय, हाताला लागेल ते बी मातीत गेलं. लाल माठ, मुळा, वाल, चवळी, भेंडी, वांगी, मिरची, दुधी. शिवाय पावसाळ्यात लावलेली काजूची १२, आंब्याची ५ आणि कोकमाची ३ कलमं आहेत. जुनी माणसं म्हणजे ४ माड, १८ पोफळी आणि केळीची नऊ-दहा बेटं.

आता पाणी रोज उतरतंय. एवढ्या पावसाच्या मुलखात पाणी पुरत नाही हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं तर हसतात. सगळ्यांना थोडं थोडं पाणी देऊन सगळेच अर्धमेले झालेत. कुणाला जगवायचं आणि कुणाला सोडायचं, हे ठरवायची काही रीत असते का?

कोकमकढी | ८ मार्च, ८.१५

जागा धरायला रुमाल टाकून ठेवते. सुरंगीचं वाचून डोळे मिटून घेतले दोन मिनिटं. ठाण्यात रस्त्यावर गजरा मिळाला तरी त्याला तो वास नसतो.

रहाटगाडगं | ८ मार्च, १०.०२

नवखीताई, आधी विहीर मोजा, मग झाडं मोजा. पोटात गोळा येऊन पाणी वाढत नाही. :)

एक दोरी घ्या, टोकाला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. संध्याकाळी पंप लावायच्या आधी किती पाणी, बंद केल्यावर किती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती, हे तीन आकडे तीन दिवस लिहा. विहिरीचा व्यासही सांगा. बाकीचं नंतर बोलू.

पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो हे खरं, पण तो चार महिन्यांत पडतो आणि आपला जांभा म्हणजे चाळण. पाणी पितो भराभर आणि सोडतोही भराभर. शिमग्यानंतर जे उरतं ते झऱ्याचं. तुमचा झरा किती देतो हे कळल्याशिवाय कुणी काहीही सल्ला दिला तरी तो हवेतला.

माळावरचा | ८ मार्च, १३.३०

आम्ही माण तालुक्यातले. तुमच्या तीन हजार मिलिमीटरचं रडगाणं ऐकून मन भरून आलं. दिवा घ्या, म्हणजे गमतीत घ्या. तरी सांगतो, पहिलं भेंडी-वांगी सोडा. उन्हाळ्यात दारात चार मिरच्या आणि कोथिंबिरीचा एक वाफा, एवढीच आमची परसबाग. आमच्याकडे आत्ता ज्वारीची काढणी उरकून कडब्याची गंज रचायचं चाललंय. बागेकडे बघायला वेळ कुणाला.

परड्यातली_नवखी | ११ मार्च, १९.१०

मोजलं! विहिरीचा व्यास १० फूट. पहिल्या दिवशी पाणी साडेसहा फूट. पंप चालवला की एक फूट उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत आठ इंच परत चढतं. तिन्ही दिवस जवळजवळ तेच. दोरीच्या गाठी मारताना सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "वायच खाली वाकान बघलंस तर पायरे दिसतत, ते मोजूचे." विहिरीच्या आतल्या जांभ्याच्या पायऱ्या त्यांना पाठ आहेत. 'सातवी पायरी उघडी पडली की भाजीचं पाणी बंद' असा घरचा नियमच होता म्हणे. मी आधी विचारलं असतं तर दोरी वाचली असती.

रहाटगाडगं | ११ मार्च, २१.४५

सासूबाईंना नमस्कार सांगा. आता हिशोब.

दहा फूट व्यास म्हणजे एक फूट पाण्यात साधारण २२०० लिटर. तुम्ही रोज तेवढं उपसता. आठ इंच भरतं म्हणजे झरा देतो दीड हजाराच्या आत-बाहेर. रोजची तूट सातशे लिटर. साठा साडेसहा फूट म्हणजे सव्वाचौदा हजार. भागून बघा, वीस दिवस. असंच चाललं तर गुढी उभारताना विहिरीचा तळ दिसेल. आणि झरा एप्रिलात आणखी बारीक होणार, ते वेगळंच.

आता हे २२०० जातं कुठे? घरखर्च माणसं आणि कपडे धरून चारशे. माडाला दिवसाला चाळीसेक लिटर धरा, चार माडांचे एकशे साठ. अठरा पोफळींना तीनशे. आणि कलमं? वीस कलमांना बारा-बारा लिटर आठवड्यातून दोनदा दिलं, तर आठवड्याचे ४८० होतात. म्हणजे दिवसाला सत्तर लिटर, पाच-सहा कळश्या. बस.

बेरीज करा, साडेनऊशेच्या आत येते. उरलेलं बाराशे-तेराशे लिटर पाणी तुमची भाजी पितेय. अर्ध्याहून जास्त. ती भाजी बाजारात किती रुपयांना येते ते तुम्हीच लिहा.

परड्यातली_नवखी | ११ मार्च, २२.२०

बापरे. मी तर पाणी वाचवायचं म्हणून कलमांचं कमी केलं होतं, कारण "ती झाडं आहेत, तगतील" असं वाटलं! आणि माठाच्या वाफ्यात पाइप सोडून चहा प्यायला जात होते.

आत्ता जेवताना हा हिशोब वाचून दाखवला. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता सांगितलं, "मिरची मेली तर बाजारात गावतली. कलम मेलां तर पाच वर्सां गेली." एवढं बोलून ताक आणायला गेल्या. रहाटगाडगं, तुमचा अख्खा प्रतिसाद एका वाक्यात!

रहाटगाडगं | ११ मार्च, २२.३१

हरलो. :)

सुपारीएवढं | १२ मार्च, ९.१२

माझी बाग वेंगुर्ल्याकडे आहे, म्हणून कलमांबद्दल लिहिते. पहिला उन्हाळा तगला की काजू सहसा मरत नाही. त्यामुळे यंदा तिथे कंजुषी नको, पण पाणी ओतून वाया घालवणंही नको.

माझी पद्धत मडक्याची आहे. पाच-सहा लिटरचं साधं मातीचं मडकं घ्यायचं, बुडाला बारीक भोक, त्यातून सुती कापडाची वात. खोडापासून हात-सव्वा हात अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, वर करवंटी नाहीतर दगड झाकण म्हणून. दोन-तीन दिवसांनी भरत राहायचं. वरून ओतलेलं पाणी अर्धं उन्हाला जातं, हे मुळाशी जातं. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतील आणि उंदीर बुडून मरतील. (अनुभव. वास विसरता येत नाही.)

नैऋत्येकडून नारळाचं झाप तिरपं खोचून द्या, दुपारनंतरचं ऊन अडतं. आणि कलमाच्या जोडाखाली फुटवे आले असतील तर लगेच काढा. ते खुंटाचे असतात. त्यांनाच पाणी पाजत बसलात तर पाच वर्षांनी गावठी काजू खाल.

एक कठोर गोष्ट. वेंगुर्ला-४ किंवा ७ असेल तर या वयातही एखाद्याला मोहोर येतो. खुडून टाका. पहिली दोन वर्षं फळ धरू द्यायचं नाही.

परड्यातली_नवखी | १२ मार्च, ९.४०

तीन कलमांना आलाय. त्यातल्या एकाला तर इवलंसं बोंडही धरलंय. मी त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत हो.

सुपारीएवढं | १२ मार्च, ९.४४

फोटो आहेत ना? मग खुडा.

आगरातला_बोका | १२ मार्च, ११.२०

माडांसाठी : नारळ सोलल्यावर जी सोडणं उरतात ती जाळू नका. माडाच्या आळ्यात चर काढून सोडणं पोकळ बाजू वर करून रचा, एकावर एक दोन-तीन थर, वर माती. पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि काही वर्षं तशीच राहतात. यंदाच्या उन्हाळ्याला फारसा उपयोग होणार नाही, पुढच्यासाठी. यंदा आळ्यात पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) जाड थर द्या. फणसाचा, आंब्याचा, काजूचा, मिळेल तो. आपल्याकडे फाल्गुनात पातेरा फुकट आणि अमाप. लोक तो पेटवून देतात, त्याचा मला राग आहे.

भाजवळकर | १२ मार्च, १२.०५

बोकेबुवा, राग आवरा. तरव्याची (भाताच्या रोपांच्या वाफ्याची) भाजवळ ही काही चैन नव्हे. शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा, वर माती टाकून हळू धुमसत भाजलं की तणाचं बी आणि किडीची अंडी मरतात. त्या जागेवर रोप कसं येतं ते बघा एकदा. आमच्या आज्याने केलं, बापाने केलं, मी करतो. भाजल्याशिवाय टाकलेल्या तरव्यात जूनमध्ये रोपापेक्षा तण जास्त. बेणायला येणार का तुम्ही?

आगरातला_बोका | १२ मार्च, १२.३०

भाजवळीच्या चार गादीवाफ्यांबद्दल मी बोलतच नाहीये. घरामागचा, रस्त्याकडेचा, काजूखालचा पातेरा उगाच काडी लावून मोकळे होतात त्यांच्याबद्दल बोलतोय. आणि कवळासाठी दरवर्षी ऐनाच्या फांद्या बुंध्यापर्यंत ओरबाडतात. त्या झाडांचे खांब झालेत खांब.

भाजवळकर | १२ मार्च, १२.५२

कवळाचं मान्य. आमच्यात वर शेंडा राखून तोडायची पद्धत होती, ती आताच्या पोरांना ठाऊक नाही. पातेरा उगाच जाळणाऱ्यांबद्दलही मान्य. त्यातूनच वणवे लागतात. नवखीताई, काजू मोकळ्या भाटलेत (माळाच्या जमिनीत) असेल तर भोवतीचं गवत दहा-बारा फूट रुंद पट्ट्यात साफ करून घ्या, आत्ताच. शिमग्याचे दिवस सुरू झाले की गडी मिळणार नाही. सगळे रोंबाटात नाहीतर पालखीपुढे. मिळाला तर पाय जमिनीवर नसलेला मिळेल.

सुपारीएवढं | १२ मार्च, १४.१५

पातेऱ्याबद्दल एक महत्त्वाचं, आणि हे गमतीत घेऊ नका. फुरसं. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं. जांभ्याच्या फटीत, पातेऱ्यात, दगडाखाली असतं आणि उन्हाळ्यात हमखास दिसतं. पातेरा हाताने उचलायचा नाही. आधी काठीने किंवा दाताळ्याने ढवळायचा, पायात बूट, तिन्हीसांजेनंतर बॅटरीशिवाय परड्यात पाऊल नाही. झाडाच्या बुंध्याला थर चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा. म्हणजे बुंधा कुजत नाही आणि खाली काय बसलंय ते दिसतंही.

चावलंच तर मंत्र-मुळी, कापणं, आवळून बांधणं काही नको. पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच लस चालते.

कोकमकढी | १२ मार्च, १४.४०

मे महिन्यात आजोळी अनवाणी पातेऱ्यात हिंडायचो, ते आठवून आत्ता घाम फुटला.

परड्यातली_नवखी | १७ मार्च, २०.३०

होळी झाली, अंग दुखतंय, तरी लिहिते.

माठ सगळा उपटला, शेजारी वाटला. मुळा गेला. वाल आणि चवळी तशीही संपत आली होती, शेंगा वाळायला सोडल्या. वांग्याची सहा आणि मिरचीची दहा झाडं न्हाणीच्या बाजूला होती तेवढी ठेवली. भेंडीचा निर्णय होत नव्हता. रोज सकाळी कोवळी भेंडी तोडायची सवय लागली होती. शेवटी चार झाडं बियांसाठी राखली, बाकीच्यांचं पाणी तोडलं. उपटली नाहीत, तेवढं धैर्य नव्हतं.

काजूचं बोंड खुडलं. हो, खुडलं.

कुंभारवाड्यात मडकी मिळाली, पण वीस नाही मिळाली, चौदाच. सहा कलमांना सध्या बाटलीला भोक पाडून जुगाड केलाय. उपसा आता साधारण अकराशे लिटर. आज संध्याकाळी सहा फूट एक इंच, म्हणजे पहिल्यांदाच सलग तीन दिवस पाणी उतरलेलं नाही. मी विहिरीच्या काठावर उभी राहून हसले, तर शेजारच्या आजीला वाटलं मला शिमग्याची चढलीय.

न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला जातं. त्यात कपड्यांचा साबण असतो, चालेल का?

रहाटगाडगं | १७ मार्च, २१.०५

आंघोळीचं बिनधास्त सोडा. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी रोज एकाच जागी नको, माती चोपण होते. पहिलं फेसाचं पाणी वेगळं काढा, नंतरचं विसळणीचं सोडा. केळीच्या बेटात एक मोठी आणि एक पिल्लू ठेवून बाकीचे कोंब काढा. नऊ-दहा बेटांत चाळीस खोडं असतील तर तीच पाणी ओढतात.

कुळागरी | १८ मार्च, ७.५५

मी गोव्यातल्या पेडण्याचा. आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पोफळींना पाटाचं पाणी, त्यामुळे तुमच्यासारखी कळशी-कळशी मोजावी लागत नाही. पण झरीचं पाणी कोणाच्या कुळागरात कुठल्या दिवशी, यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेत. म्हणजे पाणी असलं तरी शांतता असतेच असं नाही.

सध्या आमच्याकडे काजूंचा हंगाम जोरात. सकाळी बोंडं वेचायची, बी पिरगळून वेगळी, बोंडं कोळंब्यात (तुडवायच्या कुंडात) तुडवायची. पहिल्या धारेचा उर्राक, म्हणजे बोंडांची दारू, फक्त याच दिवसांत. त्यात लिंबू आणि मिरची... असो, धागा बागकामाचा आहे.

नवखीताई, ओल्या काजूगरांची उसळ केलीत की नाही? बिया कापताना हाताला खोबरेल आणि राख लावा. चीक लागला की कातडी सोलते.

परड्यातली_नवखी | १८ मार्च, ८.३०

केली. चीक पण लागला. उजव्या हाताची तीन बोटं सापाने कात टाकावी तशी झालीत. सासूबाईंनी सांगितलं होतं, मी रबरी हातमोज्यांच्या शोधात होते.

पऱ्हाटी | १८ मार्च, १६.४५

वऱ्हाडातून. तुमचं हिरवं परडं वाचून डोळे निवले. इकडे आता दुपारी घराबाहेर पाय ठेववत नाही. आमच्याकडे पाडव्यापासून सालगड्याचं वर्ष सुरू होतं, त्यामुळे सध्या घरोघर तीच बोलणी. यंदा किती पोती ज्वारी, किती पैसे, किती कपडे. माझं माहेर गडचिरोलीकडचं, तिकडे या दिवसांत मोह पडतो. पहाटे टोपली घेऊन बायका-पोरं झाडाखाली. फुलं ओली, टपोरी, गोडसर वास, अंधारातही पायाला लागतात. उन्हं चढली की वेचणं संपलं.

परसबागेचं म्हणाल तर मी पऱ्हाट्यांचा मांडव घालते. कापूस निघाला की वाळलेल्या पऱ्हाट्या ढिगाने असतात. चार खांब, आडवे बांबू, वर पऱ्हाट्या पसरायच्या. अर्धं ऊन आत येतं, अर्धं अडतं. त्याखाली कोथिंबीर आणि पालक मे पर्यंत टिकतो, तोही निम्म्या पाण्यात.

हिमबाधित | १९ मार्च, ००.२०

जर्मनीतल्या एका खेड्यातून लिहितोय. तुम्ही पाण्याला घाबरताय, आम्ही दंवाला. इथले म्हातारे शेजारी मे महिन्याच्या मध्यापर्यंत टोमॅटोचं रोप बाहेर काढू देत नाहीत. ११ ते १५ मे या दिवसांना संतांची नावं आहेत, त्यांना मिळून 'बर्फाचे संत' म्हणतात. ते गेले की बाग मोकळी. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून एप्रिलात मिरच्या बाहेर ठेवल्या आणि एका रात्रीत काळ्या पडल्या. शेजारची आजी कुंपणावरून फक्त बघून गेली, बोलली काही नाही. तुमच्या सासूबाई वाचताना ती डोळ्यांसमोर आली.

सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अळवाचे दोन कंद कुंडीत फुटलेत. बायको म्हणते पानं तळहाताएवढी झाली की वडी. मी रोज तळहात लावून बघतो.

परड्यातली_नवखी | २ एप्रिल, २१.१५

पाडव्याला तळ दिसला नाही! पाच फूट चार इंच. झरा मात्र बारीक झालाय, आता दिवसाला सहा इंचच भरतं.

दोन प्रश्न. पहिला, लाल तोंडाची माकडं. एक टोळी आली, अर्ध्या तासात माडावरची अडसरं (कोवळे नारळ) पाडून, फोडून, अर्धी पिऊन गेली. फटाके, कुत्रा, डबा बडवणं, सगळं झालं. उपाय?

दुसरा, विहिरीजवळ एक मोठं जुनं कोकम (रातांबा) आहे. छान हिरवंगार आहे, फुलतं, पण एक फळ नाही. खत कमी पडतंय का?

आगरातला_बोका | २ एप्रिल, २१.४०

माकडांवर उपाय सापडला तर मलाही कळवा. आमच्याकडे एक गृहस्थ वाघाचं चित्र लावून होते. माकडं चित्रासमोर बसून केळी खायची.

सुपारीएवढं | २ एप्रिल, २२.०५

रातांब्याला खत घालू नका, तो नर आहे. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून लावलेल्यांत साधारण निम्मे नर निघतात. ते कळतं फुलायला लागल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी! म्हणून तर मादी झाडाची कलमं लावतात. तुमची ३ कलमं असल्याने काळजी नाही. पण त्या नराला तोडू नका, कलमांना फळ धरायला तो लागेल.

परड्यातली_नवखी | ३ एप्रिल, ७.१०

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "तो दादलोच आसा, तुझ्या घोवाच्या जल्माआधीपासून ठावक आसा." मग मला कुणी का सांगितलं नाही, मी महिनाभर शेणखत घालतेय त्याला! तर म्हणे, "माका वाटला तू तेची सेवा करतंस."

रहाटगाडगं | ३ एप्रिल, ७.२५

हसून चहा सांडला. विहीर रोज सहा इंच भरतेय म्हणजे अकराशे लिटर, तुमच्या उपशाला बरोब्बर. महिनाअखेर आणखी घटेल. तेव्हा पोफळींचं एक दिवसाआड करा, कलमांचं तोडू नका. आणि दुधी-बिधी नवीन काही लावू नका. हात शिवशिवतील, तरी नको.

कोकमकढी | ३ एप्रिल, १०.००

बियांचं काय करता सगळे? आजी काकडीचं बी शेणात कालवून भिंतीला थापायची, ते पावसाळ्यात भिंतीवरून खरवडून लावायची.

भाजवळकर | ३ एप्रिल, १३.१०

आम्ही अजून करतो. तवशाचं आणि दोडक्याचं बी राखेत घोळून शेणाच्या गोळ्यात, गोळा भिंतीला. भेंडीची आख्खी शेंग चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुराने कीड लागत नाही. डब्यातल्या पाकिटापेक्षा हे बी आपल्या मातीतलं, पावसात कुजत नाही. सुरण काढून ठेवला असेल तर कोरड्या जागी राखेत राहू दे, वैशाखात लावा, डोळा वर करून. हळदीचं घरी पाणी असेल तर अक्षय्य तृतीयेला, नसेल तर पहिल्या पावसावर. घाई नको.

परड्यातली_नवखी | १ मे, १८.५०

काल अक्षय्य तृतीया झाली. हळद लावली नाही, पावसाची वाट बघते. सातवी पायरी २२ एप्रिलला उघडी पडली. त्या दिवशी वांगी सोडली, मिरच्या चार ठेवल्या. आज पाणी तीन फूट सात इंच.

कलमांचा हिशोब. आंबा ५ पैकी ५. कोकम ३ पैकी ३. काजू १२ पैकी १०. एक बाटलीच्या जुगाडातलं गेलं, बाटली कलंडलेली चार दिवस कळलंच नाही. दुसरं गुराने खाल्लं, वय मोडून आत आलं होतं. ज्या काजूचं बोंड खुडलं त्याला आता सहा नवीन फुटवे आहेत, जोडाच्या वर. मोजून बघितलं.

फुरसं एकदा दिसलं, माडाच्या आळ्यात. दाताळं पुढे घातलं होतं म्हणून दिसलं. सुपारीएवढं, तुम्हाला माझ्याकडून सोलकढी कायमची.

शेजारून पन्नासेक रातांबे आले, आमसुलं खळ्यात वाळत आहेत. रोज रसात बुडवून परत उन्हात. ढग आला की मी आणि सासूबाई दोघी धावतो. त्या आधी पोचतात.

आणि एक. आज न्हाणीच्या पन्हळीखाली बघते तर दुधीचा वेल, चांगला कंबरेइतका वाढलेला, दोन कळ्याही. मी विचारलं, "आई, हा कुणी लावला? आपलं नवीन काही लावायचं नाही असं ठरलं होतं ना?" त्या आमसुलं उलटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आपसून इलो."

आपसूक आलेल्या वेलाला तीन काठ्यांचा मांडव असतो का? आणि त्या काठ्या माझ्या भेंडीच्या आहेत.

रहाटगाडगं | १ मे, १९.०५

फोटो टाका. वेलाचा नको, सासूबाईंचा.